मुखत्यारपत्रावर फुलपाखरू

आपल्या हातून नक्की काय झालं आहे हे मोरिवाकींना कळलं ते सप्टेंबर संपता संपता, सकाळी दात घासताना, आणि तेही कुंपणापलीकडून.

"मोरिवाकीसान," शेजारच्या हामानो बाई म्हणाल्या, "यंदा फुजिबाकामाला कळ्या धरल्या नाहीत वाटतं?"

तोंडात फेस होता, म्हणून मोरिवाकींनी नुसत्या भुवया वर केल्या.

"अहो, हिसानोसानची फुजिबाकामा. या भिंतीलगत ओळीनं होती की. छातीएवढी वाढायची. फिकट जांभळे तुरे यायचे आणि मग ती फुलपाखरं उतरायची." हामानो बाईंनी टाचा उंच करून कुंपणावरून पाहिलं. भिंतीलगत पांढरी खडी पसरलेली होती. "अगं बाई," त्या म्हणाल्या.

मोरिवाकींनी फेस थुंकला. तो खडीवर पडला आणि तिथेच राहिला, कारण खडीखाली तण उगवू नये म्हणून अंथरलेलं काळं जाड कापड होतं. ते त्यांनीच अंथरलं होतं.

ही जुलैमधली गोष्ट. त्यांची बायको हिसानो मे महिन्यात गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला नातेवाईक येणार होते आणि अंगणात रान माजलं होतं. ती आजारी पडल्यापासून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. मोरिवाकींचं बागकामाचं ज्ञान एवढंच, की कुंडीत असतं ते झाड आणि कुंडीबाहेर असतं ते गवत. त्यांनी सगळं मुळापासून उपटलं, पिशव्यांत भरलं, जळाऊ कचऱ्याच्या वारी बाहेर ठेवलं, कापड अंथरलं, वर खडी ओतली. हिसानोची थोरली बहीण म्हणाली, "किती नीटनेटकं केलंत हो!" त्या संध्याकाळी मोरिवाकींना बरं वाटलं होतं. मे महिन्यानंतर हातून काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटलेली ती एकच संध्याकाळ.

"तसं दिसतंय छान," हामानो बाई म्हणाल्या. त्यांना गप्प राहणं जमत नसे. "देवळामागे थडग्यांमधून वाट जाते ना, तसं."

इथे त्या फुलपाखरांविषयी सांगायला हवं. आसागिमादारा म्हणतात त्यांना. पंख तळहाताएवढे, मधला भाग पाणी घातलेल्या निळ्या शाईसारखा, कडा तपकिरी. उन्हाळाभर डोंगरात राहतात आणि हवा गार झाली की दक्षिणेला निघतात, समुद्र ओलांडून बेटांवर जातात. त्यांच्यामागे माणसंही वेडी झालेली आहेत. ही माणसं फुलपाखरू जाळ्यात धरतात, पंखाच्या फिकट भागावर बारीक पेनानं गावाचं नाव, तारीख आणि स्वतःचं नाव लिहितात आणि सोडून देतात. पुढे कुणाला ते सापडलं तर तो कळवतो. हिसानो हे बरीच वर्षं करत होती. तिचं एक फुलपाखरू एकदा लांबच्या एका बेटावर सापडलं. त्या दिवशी तिनं घरात शुभ प्रसंगी करतात तो लाल चवळीचा भात केला होता. मोरिवाकींनी तो खाल्ला आणि लोणचं मागितलं.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली होती, "यंदा एक तरी सोडा. माझ्या नावानं."

मोरिवाकी "बरं" म्हणाले. उभ्या संसारात ते पेपराआडून "बरं" म्हणत आले होते आणि त्या "बरं"ना दोघांच्याही लेखी काही किंमत नव्हती. पण त्या दिवशी त्यांच्या हातात पेपर नव्हता. म्हणून हे एक "बरं" मोजावं लागणार होतं.

आणि फुलपाखरं उतरायची ती ज्या फुलांवर, ती फुलं पिशव्यांत भरून नगरपालिकेच्या भट्टीत गेली होती.

मोरिवाकींनी हा मामला गुपचूप निस्तरायचं ठरवलं. रोपवाटिकेतून दोन झाडं आणायची, कुंड्या खडीवर ठेवायच्या, एक फुलपाखरू धरायचं, नाव लिहायचं, सोडायचं. कुणाला सांगायचं नाही. पण रोपवाटिकेतल्या मुलीनं सांगितलं की या दिवसांत फुजिबाकामा मिळत नाही, लोक वसंतातच नेतात. मोरिवाकी रिकाम्या हातांनी घरी आले, तर फाटकाशी वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष कुवाशिरो उभे. कुवाशिरो म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीवर स्वतःची छत्री धरणारे गृहस्थ. पाऊस नसला तरी.

"हामानोसाननी सगळं सांगितलं," ते म्हणाले. "काळजी करू नका. फिरत्या फळीवर घालतो."

"नको, नको. एवढं काही नाही."

"घातलंसुद्धा."

फिरती फळी म्हणजे मंडळाच्या सूचना लावलेली पाटी. ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि वाचल्याची खूण म्हणून प्रत्येकानं शिक्का मारायचा असतो. मे महिन्यात तिच्यावर हिसानोच्या निधनाची सूचना होती. आता, गटारसफाईचा दिवस आणि कावळ्यांपासून कचरा झाकायची जाळी यांच्या मधोमध, असं लिहिलेलं होतं: "श्री. मोरिवाकी यांनी दिवंगत पत्नीची फुजिबाकामा गैरसमजातून नष्ट केली आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया उसनी द्यावी."

फळी मोरिवाकींच्याही घरी आली. सगळ्या गल्लीचे शिक्के आधीच पडलेले होते. मोरिवाकींचा सारा जन्म शिक्क्यांत गेला होता. निवृत्तीपर्यंत ते नगरपालिकेत जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीच्या खिडकीमागे बसत. "गैरसमजातून नष्ट केली" हे वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात चूक काढता येईना. मग त्यांनीही आपला शिक्का मारला. न मारून चालत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुंड्या यायला लागल्या.

पहिली खरी फुजिबाकामा होती. दुसरी तशीच दिसणारी कुठली तरी निळी फुलं होती. तिसऱ्या घरातून पिवळ्या रानफुलांचा भाराच आला, त्यानं मोरिवाकी रात्रभर शिंकत राहिले. कोपऱ्यावरच्या आजीबाईंनी पांढरी शेवंती आणली आणि ती देवघराशी हिसानोच्या फोटोपुढे ठेवून, हात जोडून, डोळे पुसून निघूनही गेल्या. शेवंती फुलपाखरांसाठी आहे की हिसानोसाठी हे त्यांना विचारायचं धाडस मोरिवाकींना झालं नाही.

कुंडी घेतली की काहीतरी परत द्यायला लागतं. दुखवट्याला आलेल्यांना परतभेट म्हणून द्यायचे चहाचे डबे मोरिवाकींकडे उरले होते. त्यांनी प्रत्येकाला एकेक दिला. चहा मिळाला म्हणून लोक पहिल्या तोडीची हिरवट संत्री घेऊन आले. संत्री मिळाली म्हणून मोरिवाकींनी भाजलेल्या समुद्रशेवाळाची पाकिटं वाटली. शेवाळ मिळालं म्हणून पर्सिमनची फळं आली. शेवटी मोरिवाकी पाठीमागच्या दारानं ये-जा करू लागले. पुढच्या दारी कोणी ना कोणी हातात काहीतरी घेऊन उभं असे आणि परत द्यायला घरात काही शिल्लक नव्हतं. एकट्या माणसाच्या घरात संत्री सडायला लागली. हिसानो असती तर तिनं मुरंबा केला असता.

मधल्या काळात त्यांनी फुलपाखरांच्या नोंदी ठेवणाऱ्या मंडळींच्या सचिवांना फोन लावला. पंखावर कोणत्या बाजूला लिहायचं, एवढंच विचारायचं होतं. सचिवांचं नाव तोकुनागा. आवाज अतिशय सभ्य.

"आपली खूण काय? पंखावर लिहिता ती." तोकुनागांनी विचारलं.

"हिसानो. तीन अक्षरं."

"हो, हो, हिसानोसान! त्यांची अक्षरं फार सुबक. कशा आहेत?"

मोरिवाकींनी सांगितलं. किती वेळ गप्प राहावं हे तोकुनागांना बरोबर माहीत होतं. मग ते म्हणाले, "मनापासून वाईट वाटलं. तर मग त्यांची खूण बंद करतो."

"बंद नका करू. यंदा मी तिच्या नावानं एक सोडणार आहे."

"तसं नाही करता येणार, मोरिवाकीसान."

"का?"

"जो धरतो त्याचं नाव लिहायचं. आपल्या नोंदीत दुसरं असतंच काय? कुठे, कधी, कोणी. तुम्ही आपली खूण घ्या ना. आजच्या आज देतो."

"मला खूण नको. मी तिच्या वतीनं धरणार. मुखत्यार म्हणून."

"मुखत्यारपत्र कोणाचं?"

"तिचं. मला दिलेलं. तोंडी."

"देणारी व्यक्ती हयात असावी लागते," तोकुनागा हळूच म्हणाले. "आणि खरं सांगायचं तर मुखत्यारपत्रावर फुलपाखरू धरता येत नाही. मेलेल्या माणसानं ऑक्टोबरात फुलपाखरू धरलं अशी नोंद मी कशी ठेवू?"

मोरिवाकींना राग यायला हवा होता. तो येईना. नियमात फट शोधायची त्यांना सवय होती. खिडकीमागे बसणाऱ्यालाच फटी ठाऊक असतात. त्यांनी फोन ठेवून पुष्कळ शोधली. नियम कुठूनही बघितला तरी बरोबरच होता. तोकुनागांच्या जागी ते स्वतः असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं, आणि इतक्या गोडीनं नाही.

हामानो बाईंना नियमाचं काही पडलेलं नव्हतं. "लिहा की तिचं नाव आणि गप्प बसा. फुलपाखरू काय ओळखपत्र मागणार आहे?"

"नोंद खोटी होईल."

"तुम्ही ना, मोरिवाकीसान," हामानो बाई म्हणाल्या, "तिच्या मृत्यूचा कागदसुद्धा स्वतः शिक्का नीट बसलाय का बघून दिला असेल."

दिला होता. शिवाय खिडकीवरच्या नव्या मुलानं तो एका चौकटीसाठी परत केला होता आणि मुलाचं बरोबर होतं.

कुवाशिरोंचं मत पडलं की मंडळाचं नाव लिहावं, म्हणजे कुणाचाच प्रश्न उरणार नाही, शिवाय गल्लीचं नाव दक्षिणेकडे पोचेल. देवळातले तरुण भिक्षू, ओशोसान, हिसानोच्या महिन्याच्या तिथीला स्कूटरवरून सूत्रपठणाला येत. एकदा वाटेत भेटले तेव्हा त्यांनी हेल्मेट काढून, गंभीरपणे विचार करून सांगितलं, "तसं पाहिलं तर त्यांचं आताचं नाव हिसानो नाहीच. मरणोत्तर नाव आम्ही दिलेलं आहे. तेच लिहिणं योग्य."

"ते नऊ अक्षरांचं आहे," मोरिवाकी म्हणाले.

"दोन्ही पंख मिळून मावेल," ओशोसान म्हणाले. त्या नावावर त्यांनी बरीच मेहनत घेतलेली होती.

असं सगळ्यांचं एकमत होत नसताना खुद्द फुलपाखरू मात्र आलंच नव्हतं. ऑक्टोबर अर्धा होत आला. मोरिवाकी रोज सकाळी घडीची खुर्ची टाकून, हिसानोचं जाळं मांडीवर घेऊन कुंड्यांसमोर बसत. मधमाश्या आल्या. पांढरी किरकोळ फुलपाखरं आली. एक मांजर आलं, त्यानं खडी पाहिली आणि तिचा आपल्या परीनं उपयोग करून घेतला. आसागिमादारा नाही. मोरिवाकी मनाशी रोज तेच म्हणत: आज नाही.

"टॉवेल फिरवा," हामानो बाई कुंपणावरून म्हणाल्या.

"काय फिरवू?"

"पांढरा टॉवेल. डोक्यावर, गोल गोल. हिसानोसान फिरवायच्या. उंचावरून जाणारी खाली उतरतात. खोटं नाही सांगत, मी बघितलंय."

मोरिवाकींना हे माहीतच नव्हतं. आपली बायको अंगणात उभी राहून डोक्यावर टॉवेल फिरवत होती आणि आपण घरात होतो, हे त्यांना जरा वेळ पटेना. मग ते आत गेले आणि न्हाणीघरातला टॉवेल घेऊन आले. आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. फिरवला. खांदा दुखला. पुन्हा फिरवला. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही फिरवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुवाशिरो आले. चेहरा मऊ केलेला. वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचेही अध्यक्ष तेच होते.

"बसा, मोरिवाकीसान. दमला असाल," ते म्हणाले. "टॉवेल द्या माझ्याकडे. हं. आज वार कोणता?"

"गुरुवार. का?"

"छान. मला सांगा, शंभरातून सात वजा केले तर?"

मोरिवाकींना समजलं. हे सगळे प्रश्न इस्पितळात हिसानोच्या शेजारच्या खाटेवरच्या, विसर पडत चाललेल्या म्हातारीला विचारत असत. ते ताठ बसले.

"त्र्याण्णव," ते म्हणाले. "शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट. अठ्ठावन्न—"

"पुरे, पुरे."

"एक्कावन्न. चव्वेचाळीस. सदतीस. तीस. तेवीस. सोळा. नऊ. दोन. पुढे उणे लागतं. उण्यात जाऊ?"

"नको," कुवाशिरो घाईघाईनं म्हणाले. "राग मानू नका. पलीकडच्या इमारतीतून फोन आला होता. कुणीतरी मदतीसाठी खुणा करतंय म्हणून."

"मी फुलपाखराला बोलावतोय."

"हो, हो," कुवाशिरो म्हणाले, आणि चेहरा पुन्हा मऊ झाला.

नेमक्या याच वेळी ओशोसान स्कूटरवरून आले, कारण तिथी होती. हामानो बाई कुंपणाशी होत्याच. मोरिवाकींनी कुवाशिरोंच्या हातातून टॉवेल हिसकावला आणि आयुष्यात पहिल्यांदा भर वस्तीत, तीन माणसांदेखत, अपमान झालेल्या माणसाच्या जोरानं तो डोक्यावर गरगर फिरवला.

"आलं," हामानो बाई कुजबुजल्या.

छपरावरून ते उतरलं. पंख जवळजवळ न हलवता, जिना उतरावा तसं. टॉवेलाभोवती एक फेरी घातली आणि पहिल्या कुंडीवर, खऱ्या फुजिबाकामावर बसलं. कुवाशिरोंचं तोंड उघडं राहिलं. मोरिवाकींनी जाळं टाकलं. त्यांना वाटलं होतं त्याहून ते सोपं निघालं. पंख मिटून दोन बोटांत धरलं. ते धडपडलं नाही. पायाची बारीक नखं बोटाला लागत होती.

खिशातून पेन काढून, टोपण दातांनी ओढून त्यांनी गावाचं नाव लिहिलं. कागदापेक्षा छान उमटलं. तारीख लिहिली. मग पेन थांबलं.

"हिसानो लिहा!" हामानो बाई ओरडल्या.

"मंडळाचं चालेल," कुवाशिरो म्हणाले. "किंवा तुमचं स्वतःचं. नियमानं तुमचंच."

"मरणोत्तर नावातली पहिली चार अक्षरं घेतली तरी धर्माला मान्य आहे," ओशोसान म्हणाले.

"चार कशाला? तीन अक्षरं आहेत तिच्या नावात! हि, सा, नो! हात का थांबला तुमचा?" हामानो बाई म्हणाल्या.

मोरिवाकी पंखाकडे बघत होते. फिकट निळ्या भागात तीन अक्षरांची जागा होती. तिथे आपलं नाव लिहिलं तर नोंद खरी आणि दिलेला शब्द खोटा. तिचं लिहिलं तर शब्द खरा, आणि कुठल्या तरी बेटावरचा कुठला तरी माणूस ते वाचून सगळ्यांना कळवणार की अमुक गावची हिसानो ऑक्टोबरच्या अमुक दुपारी अंगणात उभी होती. ती नव्हती. ती उभी असती तर त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं. ती नव्हती, आणि हे खरं आपल्या हातानं खोडून ती होती असं लिहायला त्यांचा हात पुढे जाईना. आपलं नाव लिहायला तर पेन टेकतच नव्हतं.

"फार वेळ धरू नका हो," हामानो बाई म्हणाल्या. आवाज आता बदललेला होता. "मरेल ते."

मोरिवाकींनी बोटं उघडली.

फुलपाखरू उडून गेलं नाही. ते पुन्हा त्याच कुंडीवर जाऊन बसलं आणि सोंड घालून प्यायला लागलं. पंखावर गावाचं नाव आणि तारीख. बाकी मोकळं.

"बसलंय! धरा!" कुवाशिरो म्हणाले. "अहो, हाताशी आहे. पुन्हा धरा!"

मोरिवाकी टॉवेलाची घडी घालत राहिले. त्या घडीला बराच वेळ लागला. घालून झाली तेव्हा कुंडीवर काही नव्हतं. हामानो बाई पदराखाली लपवल्यासारखे एप्रनमध्ये हात घालून आत निघून गेल्या. ओशोसाननी विचारलं, "सूत्र म्हणू ना?" आणि ते म्हणायला लागले.

संध्याकाळी मोरिवाकींनी तोकुनागांना फोन करून कळवलं. गाव, तारीख. नर की मादी ते पाहायचं राहिलं होतं.

"उत्तम!" तोकुनागा म्हणाले. "आणि नाव? आपलंच ना?"

"लिहिलं नाही."

"म्हणजे?"

"नाव लिहिलेलं नाही. तसंच सोडलं."

"पण मोरिवाकीसान, कुणाला सापडलं तर तो विचारेल, हे सोडलं कोणी?"

"विचारेल."

"मग मी काय सांगू?"

मोरिवाकींनी खिडकीमागून वर्षानुवर्षं लोकांना सांगितलेलं वाक्य सांगितलं. "अर्ज अपूर्ण आहे. प्रलंबित ठेवा."

त्यानंतर उत्तरेचा वारा सुटला. आसागिमादारा पुन्हा उतरलं नाही. फुजिबाकामाचे तुरे तपकिरी झाले. मोरिवाकींनी कुंड्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या आणि प्रत्येक घरातून येताना हातात एक पिशवी आली. खडी आणि काळं कापड त्यांनी भिंतीलगत एका ओळीपुरतं काढलं आहे. खालची माती घट्ट झाली आहे. रोपं वसंतातच मिळतात. हिसानोचं नाव लिहायचं राहिलेलं आहे.